क्रमाने नसल्यास परत

रविवारी सकाळी आमच्या घरी लोक स्वतःची ओळख पटवून घ्यायला यायचे.

आम्ही तेव्हा दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि त्यांचं पद गॅझेटेड होतं. म्हणजे काय, हे आता मुलांना सांगावं लागतं. कुठल्याही अर्जाला जोडलेली नक्कल खरी आहे, फोटोतला माणूस हाच आहे, असं एखाद्या गॅझेटेड अधिकाऱ्यानं सही-शिक्क्यानिशी सांगितल्याशिवाय सरकार कुणाचंच काही खरं मानत नसे. त्यामुळे आमच्या आंघोळी आटोपायच्या आत दार वाजायला लागायचं. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सबाई, गढवाली शिपायाची मुलगी, समोरच्या ब्लॉकमधल्या तमिळ काकांचा भाचा. बाबा बनियनवर शर्ट चढवायचे, शाईचं पॅड उघडायचे आणि खुर्चीत असे बसायचे की जणू समोर अख्खा देश रांगेत उभा आहे.

त्यांचे नियम पक्के होते. मूळ कागद वर, नक्कल खाली. दहावीचं आधी, मग बारावीचं, मग बाकीचं. फोटो शेवटी. गठ्ठ्यात एक कागद जरी पुढे-मागे झाला तरी ते न रागावता, न ओरडता तो परत करायचे. "पहले सीरियल से लगाओ, फिर आओ."

माणूस समोर उभा, कागद सगळे खरे, एकाच्या जागी दुसरा सरकवला की झालं. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, द्या ना लावून तुम्हीच. पोरगी उन्हातून आलीय."

"लावून दिलं की सवय लागते," बाबा म्हणायचे.

पोरगी जिन्यात बसून कागद लावायची आणि पुन्हा दार वाजवायची. मग शिक्का बसायचा. मी हे सगळं बघत मोठा झालो आणि त्यातून धडाही घेतला. तो धडा जरा कमी मनापासून घेतला असता तर मी आज दिल्लीत असतो.

बाबा निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि आम्ही मयूर विहारमध्ये सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आलो. वर्षानुवर्षं हप्ते भरून ती सोसायटी उभी राहिली होती. आईनं गॅलरीत तुळस लावली, पडदे शिवले आणि दुसऱ्याच हिवाळ्यात ती गेली. मग घरात बाबा, मी आणि एक प्रेशर कुकर असे तिघं उरलो. तिघांत बोलका कुकरच.

मला नोकरी नोएडात मिळाली होती. देश नुकता खुला झाला होता, म्हणजे सगळेजण तसं म्हणत होते. आमच्या कंपनीच्या इमारतीला पुढून निळी काच होती आणि मागून उघड्या विटा. पुढच्या बाजूनं परदेशी पाहुणे यायचे, मागच्या बाजूला म्हशी बसायच्या. बाबांना खाजगी नोकरी म्हणजे काय ते शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. दर एक-दोन महिन्यांनी ते विचारायचे, "कन्फर्म कधी करतात?"

"तसं नसतं बाबा तिकडं."

"मग कसं असतं?"

हे कंपनीलाही ठाऊक नसावं.

आमचं काम सर्व्हरचं होतं. सर्व्हर म्हणजे कपाटाएवढा संगणक. आत बोर्ड असतात, पंखे असतात, वीज पुरवणारे डबे असतात आणि त्यातला कुठलाही भाग यंत्र चालू असतानाच काढून दुसरा बसवता येतो. पण काढायचा कुठला, हे यंत्रालाच सांगता आलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक भागावर तिळाएवढी एक चिप असते आणि तिच्यात त्या भागाची ओळख भरलेली असते. कोणी बनवला, कधी बनवला, त्याचा नंबर काय. चिपच्या अगदी सुरुवातीला थोडे आकडे असतात. ते सांगतात की बोर्डाची माहिती इथून इतकी घरं सोडून पुढे आहे, मालाची माहिती तितकी घरं सोडून. या आकड्याला ऑफसेट म्हणतात. तो वाचायचा, मोजत तिथवर जायचं आणि पुढची माहिती उचलायची. हा प्रोग्रॅम मी लिहायचो. बायोडेटात मी याचं वर्णन फार भारदस्त शब्दांत केलं होतं, पण काम हेच. दारावरच्या पाट्या वाचायच्या.

माझी पहिली चूक सरळ होती. मी आकड्यावर विश्वास ठेवला. चिप म्हणाली इतकी घरं पुढे जा, की मी निघालो. तितकी घरं तिथं आहेत का, हे मी बघितलंच नाही. मग एक दिवस प्रयोगशाळेत असा एक पंखा आला की त्याच्या चिपमध्ये कारखान्यात काही भरायचंच राहून गेलं होतं. रिकाम्या चिपमधून जो आकडा येतो तो सगळ्यात मोठा. माझा प्रोग्रॅम तो आकडा घेऊन चिपच्या बाहेर पडला आणि शेजारी, वीजपुरवठ्याच्या डब्याची माहिती ठेवली होती तिथं जाऊन पोचला. पडद्यावर पंख्यापुढे डब्याचं नाव, डब्याचा नंबर.

मला यात खरं तर आश्चर्य वाटायला नको होतं. आर. के. पुरमचे सगळे ब्लॉक सारखेच दिसत. लहानपणी शाळेतून येताना मी एकदा गप्पांच्या नादात एक ब्लॉक पुढे गेलो, ठरलेला जिना चढलो, उघड्या दारातून आत शिरलो, दप्तर टाकलं आणि "आई, खायला" म्हणून बसलो. एका तमिळ मावशीनं काही न बोलता पुढ्यात दहीभात ठेवला. मी तो संपवला. आईच्या हाताला आज वेगळी चव आहे, एवढंच मला वाटलं.

आमचे मॅनेजर सरदारजी होते, मोठ्या मनाचे आणि तितक्याच मोठ्या आवाजाचे. त्यांनी मला बोलावलं. "ओए, पंखा बोल रहा है मैं पॉवर सप्लाय हूँ! कल को मैं बोलूँगा मैं तेरी बुआ हूँ, तू मान लेगा?"

"नहीं, सर."

"तो चेक कर, यार. जो भी आए, पहले चेक कर."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. शिवाय त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र हळू आवाजात. परदेशातल्या मूळ कंपनीची माणसं हिवाळ्यात येणार आहेत. ते आपला प्रोग्रॅम बघतील. पसंत पडला तर हे काम इथंच राहील. नाही पडला तर सगळं बंगळूरच्या ऑफिसकडे जाईल. "और जिसको नौकरी चाहिए, वो भी बंगलोर जाएगा," ते म्हणाले.

हे मी त्या दिवशी जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी घास चावून संपवला.

"मी नाही यायचो."

"अजून काही ठरलेलं नाही, बाबा."

"ठरलं तरी. बंगळूरला मला कोण ओळखतं? इथं बँकेतला माणूस मला बघूनच कागद पुढे करतो."

ही बँकेची गोष्ट मोठी होती. पेन्शन घेणाऱ्या माणसाला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. बाबांचं खातं अजून आर. के. पुरमजवळच्या जुन्या शाखेतच होतं. मयूर विहारहून तिथं जायला दोन बसा बदलाव्या लागत, तरी त्यांनी ते हलवलं नव्हतं. खिडकीमागचा कारकून, रविवारी सकाळी आमच्याकडे येऊन गेलेल्यांपैकीच एक, त्यांना लांबून बघूनच उठायचा. "आइए साहब, इस साल भी हैं आप!" दोघं हसायचे, सही व्हायची. आई गेल्यापासून बाबा इतकं मोकळं हसायचे ते वर्षातून तेवढंच, असं मला वाटे.

तेव्हा पणाला काय लागलं होतं ते स्वच्छ होतं. प्रोग्रॅम चालला तर मी बाबांजवळ. नाही चालला तर ते इथं, मी तिथं.

त्याच जेवणात, विषय बदलायचा म्हणून, मी त्यांना माझी पंख्याची फजिती सांगितली. चिप म्हणजे क्वार्टर, ऑफसेट म्हणजे ब्लॉक नंबर, असं करून सांगितलं. दहीभाताचीही आठवण काढली. बाबा ऐकता ऐकता सरळ बसले.

"म्हणजे तू छाननी करतोस!"

"तसंच काहीतरी."

"तसंच काहीतरी नाही, छाननीच. मग एवढे दिवस सांगितलं का नाहीस? मला वाटायचं तू टायपिंग करतोस." त्यांनी ताट बाजूला सारलं. "हे बघ. पहिलं, अर्जदार आहे का ते बघायचं. म्हणजे तुझी ती चिप रिकामी तर नाही ना. दुसरं, दिलेला पत्ता आपल्या हद्दीत आहे का."

"बरोबर."

"तिसरं, जोडलेले कागद पूर्ण आहेत का. मध्येच तुटलेले नकोत."

"बरोबर, बाबा. अगदी हेच सांगितलंय आम्हाला."

"आणि चौथं, क्रम." बाबांनी बोट उचललं. "क्रमाने नसल्यास परत."

मी विचार केला. आमच्या प्रयोगशाळेत जेवढे भाग होते त्या सगळ्यांत माहिती खरंच क्रमानं होती. आधी बोर्डाची, मग मालाची. एकही उलटा नव्हता. आणि आणखी एक कारण होतं, तेच खरं तर मोठं. आई गेल्यापासून आम्ही दोघं जेवताना इतकं बोललो नव्हतो. बाबांचे डोळे चमकत होते. त्या वेळी ते म्हणाले असते की प्रत्येक चिपकडून चालचलनाचा दाखला घे, तर मी तोही मागितला असता.

पुढचे काही आठवडे बरे गेले. मी घरी आलो की बाबा विचारायचे, "आज किती परत केले?" मी वाढवून सांगायचो. प्रयोगशाळेत आम्ही मुद्दाम बिघडवलेल्या चिपा बनवल्या होत्या. हद्दीबाहेरचा आकडा, अर्धवट माहिती, ताळ्यासाठी ठेवलेली पण न जुळणारी बेरीज. माझा प्रोग्रॅम सगळ्यांना दारातूनच हाकलायचा.

आमच्याकडे तपासणीचं काम एक बंगाली बाई करायची. चित्तरंजन पार्कमधून यायची, डब्यात मासे आणायची आणि चूक शोधताना तिचा चेहरा अगदी शांत असायचा. तिनं एकदा माझा प्रोग्रॅम कागदावर छापून आणला आणि एका ओळीवर पेन्सिल ठेवली.

"ये ऑर्डर वाली शर्त कहाँ से आई? स्पेक में तो नहीं है."

मी म्हणालो, "हमारे घर की परंपरा है."

"सीरियसली पूछ रही हूँ."

"अरे यार, सब चिप में ऑर्डर है. जिसमें नहीं होगा, वो गड़बड़ ही होगा."

"हमारे लैब में सब एक ही कंपनी का माल है," ती म्हणाली.

मी हसलो. माझ्या हसण्याची एक खोड आहे. समोरचा बरोबर असला की ते जरा जास्त येतं. तिनं खांदे उडवले, पेन्सिल कानामागे लावली आणि गेली. कागद माझ्या टेबलावरच राहिला. दोन दिवसांनी मी त्यावर भेळ खाल्ली.

पाहुणे आले तेव्हा दिल्लीत धुकं होतं. त्यांची विमानं उशिरा उतरली, सामान त्याहून उशिरा. येताना त्यांनी स्वतःचा एक सर्व्हर आणला होता, गिऱ्हाइकाकडे असतो तसा. म्हणजे पंखे एकाचे, डबे दुसऱ्याचे, बोर्ड तिसऱ्याचे. आम्ही त्याला वीज दिली. सगळं सुरू झालं, हिरवे दिवे लागले, पंख्यांची घरघर खोलीभर पसरली. सरदारजींनी मला डोळ्यानं खूण केली. मी कळ दाबली.

पडद्यावर यादी आली. एकेका भागापुढे एकेक ओळ. आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच शब्द. इनव्हॅलिड.

मी पुन्हा कळ दाबली. संगणकाच्या धंद्यात यालाच संशोधन म्हणतात. यादी तीच आली.

पाहुण्यांपैकी एक वयस्क गृहस्थ उठले, सर्व्हरच्या मागे गेले आणि पंख्यापुढे हात धरला. वारा लागत होता, बाहीचं कापड हलत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा आपल्या बाहीकडे.

"चल तो रहा है," बंगाली बाई माझ्या मागून हळूच म्हणाली.

पंख्यांच्या काय, डब्यांच्या काय, त्या चिपांमध्ये सगळं ठीक होतं. माहिती हद्दीत होती, पूर्ण होती, बेरीज जुळत होती. फक्त बनवणाऱ्यांनी मालाची माहिती आधी ठेवली होती आणि बोर्डाची नंतर. स्पेकमध्ये, म्हणजे नियमावलीत, त्याला कुठेही मनाई नव्हती. ऑफसेट असतो तोच मुळी त्यासाठी. कुठलीही गोष्ट कुठेही ठेवा, फक्त कुठे ठेवली ते सांगा. एवढी साधी गोष्ट. मी ती दुसऱ्यांना शिकवत असे.

ती एक ओळ मी दुसऱ्या दिवशी सकाळी खोडली. चहा निवायच्या आत काम झालं. यादी घडाघडा वाचली गेली, एकेक पंखा आपापलं नाव सांगायला लागला. पण पाहुणे तोवर आग्र्याला गेले होते आणि तिथूनच परस्पर परतले. महिन्याभरात काम बंगळूरला गेलं. बंगाली बाईचं म्हणणं असं की ते आधीच ठरलेलं होतं, आमचा कार्यक्रम नुसता शिष्टाचाराचा होता. ती मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणायची की खरंच तसं होतं, हे मला कधी कळलं नाही. मी तिला खोदून विचारलंही नाही. उत्तर कुठलंही आलं असतं तरी मला ते नकोच होतं.

बाबांना सांगायला मी दोन-तीन दिवस लावले. सांगितलं तेव्हा ते गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. तुळस कधीच वाळली होती. पाणी रोज घातलं जायचं.

"का नापास झालं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि खरं सांगायच्या ऐवजी म्हणालो, "त्यांचं यंत्र जुनं होतं, बाबा. आपल्या नियमांत काही चूक नव्हती."

"क्रम बघितला होतास ना?"

"बघितला होता."

"हं," बाबा म्हणाले. मग तांब्या पालथा घातला. "जा तू. नोकरी आहे. मी काय, मी ठीक आहे."

मी गेलो. जाण्यापूर्वी बाबांना विनवण्या केल्या, भांडलो, एकदा रडलोही, पण ते बाथरूममध्ये नळ सोडून, म्हणजे त्याचा काही उपयोग झाला नाही. ते आले नाहीत.

बंगळूरमध्ये माझं बरं चाललं. तिकडच्या लोकांना मी ऑफसेटच्या तपासणीवर भाषणं द्यायचो. आधी हद्द बघा, मग लांबी बघा, क्रम बघू नका. लोक टिपून घ्यायचे. माझा अनुभव त्यांना दांडगा वाटायचा. तो कसा आला, हे मी विनोद करून सांगायचो आणि सगळे हसायचे. त्या विनोदात बाबा नसायचे, फक्त पंखा असायचा.

बाबांना दर रविवारी सकाळी फोन करायचो. "काय चाललंय?" "चाललंय." "जेवलात?" "जेवलो." एकदा मी विचारलं, "कुणी येतं का?" तर म्हणाले, "आता लोक स्वतःच सही करतात म्हणे. गॅझेटेड लागत नाही बऱ्याच ठिकाणी." आणि मग, "पॅड वाळलंय."

अशी बरीच वर्षं गेली. मग एका नोव्हेंबरात त्यांचाच फोन आला, आठवड्याच्या मधल्या दिवशी. ते स्वतःहून फोन करत नसत.

"त्यांनी परत केलं," ते म्हणाले.

"कुणी? काय?"

"बँकेनं. सही जुळत नाही म्हणाले."

त्यांचा हात थरथरायला लागला होता. मला माहीत नव्हतं. फोनवर हात दिसत नाही.

मी रजा काढून आलो. दिल्ली धुरानं भरली होती. श्वास घेतला की जळक्या शेतांची चव यायची. बाबा बारीक झाले होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात फाइल होती. आम्ही रिक्षा करून जुन्या शाखेत गेलो. ओळखीच्या कारकुनाची बदली झाली होती. त्याच्या जागी एक तरुण मुलगी होती, अतिशय नम्र. तिनं बाबांना बसायला खुर्ची मागवली, पाणी विचारलं.

"अंकल जी, सिग्नेचर मैच नहीं हो रहे."

"बेटा, मैं सामने बैठा हूँ," बाबा म्हणाले.

"वो तो मैं देख रही हूँ, अंकल जी. पर सिस्टम नहीं ले रहा."

मी पुढे झालो. "मैं इनका बेटा हूँ."

"सर, घरवाले नहीं चलेंगे. किसी गॅझेटेड ऑफिसर से वेरिफाय करवा लाइए, हो जाएगा."

बाबांनी फाइल उघडून कागद काढले. सगळ्यात वर मूळ, त्याखाली नक्कल, सगळं क्रमानं, कडेला कड जुळवून. तिनं तो गठ्ठा घेतला, पत्त्यांसारखा पिसला, हवा तो कागद मधूनच ओढला आणि बाकीचे तसेच परत केले. बाबा ते पुन्हा क्रमानं लावायला लागले. हात थरथरत असल्यानं वेळ लागत होता. मागे रांग होती.

"अंकल जी, ऐसे ही रख लीजिए ना," ती गोड आवाजात म्हणाली. "सीरियल-वीरियल कुछ नहीं चाहिए."

बाबा कागद लावतच राहिले.

बाहेर आम्ही बँकेच्या पायरीवर टेकलो. बाबा आठवून बघत होते. समोरच्या ब्लॉकमधले तमिळ काका मद्रासला गेले. मंत्रालयातले त्यांचे एक दोस्त गुडगावला मुलीकडे आहेत, पण ते आता मुलीलाही ओळखत नाहीत. एक पुण्याला. एक गेले, ते कळलंही उशिरा. मी कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहात जाऊन बघू का म्हणालो, तिथं महाराष्ट्रातले सरकारी अधिकारी येतात-जातात. बाबांनी मान हलवली. "ते काय मला ओळखतात?"

मग एकदम म्हणाले, "अख्ख्या दिल्लीत एक गॅझेटेड माणूस मिळू नये मला!" आणि हसले. मीही हसलो. आम्ही दोघं बराच वेळ हसलो. समोरच्या पानवाल्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

काम झालं ते फार सोपं झालं. दुसऱ्या दिवशी मयूर विहारच्या आमच्याच सोसायटीत, वरच्या मजल्यावर एका सरकारी शाळेचे प्राचार्य, म्हणजे गॅझेटेडच, राहायला आले आहेत असं चौकीदारानं सांगितलं. आम्ही गेलो. टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू होती. बाबांनी नमस्कार केला, आपलं नाव, हुद्दा, मंत्रालय सांगायला सुरुवात केली.

"अरे अंकल, लाइए ना," प्राचार्य म्हणाले. पेन घेतलं, पडद्यावरची नजर न हलवता सही केली, शिक्का मारला. "और कुछ?"

बाबांचे जोडलेले हात तसेच राहिले होते. नाव अर्धं सांगून झालं होतं.

जिना उतरताना ते मध्येच थांबले. कठडा धरला.

"त्यानं बघितलंच नाही."

"काम झालं ना, बाबा."

"माझ्याकडे नाही, फोटोकडे नाही. कुणीही गेला असता तरी दिली असती." त्यांनी फाइलवरून हात फिरवला. "मी अशी सही कधी कुणाला दिली नाही रे."

"माहीत आहे, बाबा."

"पोरं उन्हातून यायची."

मी त्यांच्या हातातली फाइल घ्यायला गेलो, त्यांनी दिली नाही. दोन पायऱ्या उतरले आणि म्हणाले, "चल."

"बँकेत?"

"बँकेत आधी. मग तुझ्याकडे. बंगळूरला."

मी इतकी वर्षं हेच मागत होतो. आता ते मिळालं आणि मला ते घ्यावंसं वाटेना. मी म्हणालो, "इथलं एकदम तोडू नका, बाबा. तिकडे तुम्हाला कुणी ओळखत नाही, तुम्हीच म्हणायचात."

"हो ना. पण तिकडं ते आधीपासून माहीत असेल."

बँकेत मुलीनं कागद घेतला, खटाखटा काहीतरी बडवलं आणि "हो गया अंकल जी, एक साल के लिए" असं म्हणून हसली. बाबांनी तिला धन्यवाद दिले. परतताना रिक्षा यमुनेच्या पुलावर अडकली. पुढे-मागे भोंगे, दोन्ही बाजूंना धूर, नदी असावी तिथं काळपट काहीतरी. बाबांनी मफलर नाकावर ओढला होता. फाइल मांडीवर होती. आतले कागद बँकेत मागेपुढे झाले होते ते तसेच होते, एकाचा कोपरा बाहेर आला होता. त्यांनी तो आत ढकलला नाही.

"तुझा तो प्रोग्रॅम," मफलरमधून ते म्हणाले. "अजून क्रम बघतो?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते बाहेर बघत होते.

"नाही, बाबा. तो नियम काढला."

"कधी?"

"लगेच. दुसऱ्याच दिवशी."

"यंत्र जुनं होतं म्हणालास, तेव्हाच मला वाटलं होतं." रिक्षा जराशी सरकली आणि पुन्हा थांबली. "मग आता काय बघतो?"

"सांगितलेली जागा हद्दीत आहे का तेवढं बघतो. माहिती पूर्ण आहे का."

"आणि मग?"

"मग वाचतो."

"बरं आहे," बाबा म्हणाले.